आखाजीसाठी हॉटेल शोधताना

लोणखेड्याहून सकाळी सहाला निघालो तेव्हा माझ्या खिशात अठरा प्रश्नांची यादी होती. शेजारच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी स्वरा बसली होती आणि तिचा एकच प्रश्न होता, तिथं कार्टून लागतं का? आम्ही बापलेक तोरणमाळला हॉटेल बघायला चाललो होतो. राहायला नाही, नुसतं बघायला. हे ऐकून शेजारी हसले होते, पण मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मोजून घेतल्याशिवाय मला काही पटत नाही. बायको वैशाली म्हणते की मी टोमॅटोसुद्धा तोंडी परीक्षा घेऊन निवडतो.

यंदा एवढ्या काळजीला कारण होतं. आमच्या खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) हा लेकींचा सण. या सणाला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. माझी धाकटी बहीण रत्ना अक्कलकुव्याला दिली आहे. तिला चार वर्षांचा पार्थ आणि दोन वर्षांची गौरी. आमची आई गेल्या माघात गेली, वडील त्याआधीच. म्हणजे ही रत्नाची आईशिवायची पहिली आखाजी. माझ्या मनात एकच धास्ती होती. यंदा ती आली नाही, तर पुढच्या वर्षी येणं आणखी अवघड होईल, आणि मग हळूहळू येणं बंदच होईल. नात्यातल्या दोन घरी मी हे होताना पाहिलं होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर सिमेंटचा स्लॅब. वैशाखात दुपारी आत बसवत नाही. दोन वर्षांपूर्वी आखाजीला आला असताना पार्थच्या अंगावर घामोळं उठलं होतं आणि तो रात्रभर रडला होता. म्हणून मी ठरवलं, यंदा बहिणीचं माहेर थंड हवेत करायचं. दोन्ही घरची चार लहान मुलं, दोन रात्री, डोंगरावरचं चांगलं हॉटेल.

म्हसावद गेलं, राणीपूर गेलं आणि रस्ता सातपुड्यात शिरला. घाटात पळसाची पानं नवी आणि गुळगुळीत दिसत होती, साग मात्र पार उघडा. घरांच्या अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. एका बाईजवळ थांबून विचारलं तर म्हणाली, "आमचूर होईल. घ्यायचा तर परत येताना या, अजून ओला आहे." तिचं मराठी शाळेतलं, सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलल्यासारखं. घरी ती इथली पावरी बोली बोलत असणार. तिसऱ्या-चौथ्या वळणावर स्वराने खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. यादीत मी एकोणिसावा मुद्दा लिहिला, घाटाआधी मुलांना दूध देऊ नये.

पहिलं हॉटेल दिसायला झकास. पोहण्याचा निळाशार तलाव, त्यावर घसरगुंडी. पण तलावाभोवती कुंपण नाही आणि खोलीचं दार थेट काठावर उघडणारं. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आजवर कोणी पडलं नाही." माझ्या साडेतीन वर्षांच्या ईशानला तो ओळखत नव्हता. दुसऱ्या हॉटेलात गॅलरीतून सीताखाईकडची दरी अशी दिसत होती की मी पाच मिनिटं यादीच विसरलो. मग कठड्याच्या गजांमधून स्वराला डोकं घालायला लावलं. डोकं आरामात गेलं, काढताना मात्र कान आडवे आले. तिथला वेटर, मी आणि थोडं खोबरेल तेल, असं तिघांनी मिळून ते काढलं. स्वरा रडली नाही, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "पप्पा, पुढच्या हॉटेलात तुम्ही घाला."

तिसरी जागा यशवंत तलावाच्या पलीकडे, बैठ्या खोल्यांची. मॅनेजर गुलाबसिंग पन्नाशीचा, इथलाच. मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा हौद होता, जाळीचं दार असलेला. मी पँट दुमडून त्यात उतरलो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आलो. गुलाबसिंग काठावर हाताची घडी घालून बघत होता. दूध कुठून येतं, डास किती, वीज गेली तर काय, खिचडी बिनतिखटाची मिळेल का, असे सगळे प्रश्न मी विचारले. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "सर, माणसं कोण कोण येणार?"

"आम्ही चौघं आणि बहीण, तिची दोन मुलं. आखाजीला."

"बहीण येणार, मग अंगणातल्या आंब्याला झोका बांधून ठेवतो," तो म्हणाला. आखाजीला माहेरवाशिणी झोके घेत गाणी म्हणतात, पण माझ्या यादीत झोका नव्हता. मी तिथंच खोल्या ठरवल्या. जेवायला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. एवढं चविष्ट जेवण मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

घरी आल्यावर रत्नाला फोटो पाठवले, हौदाचे, खोल्यांचे, झोक्याच्या आंब्याचे. खाली हॉटेलचं लोकेशन टाकलं आणि लिहिलं, आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत थेट इथं या, पाव्हण्यांकडे गाडी आहेच. तिचं उत्तर आलं, "बरं." त्या एका शब्दावर मी इतका खूश झालो की वैशालीला दोनदा वाचून दाखवला.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं वर पोचलो. झोका बांधलेला होता. ईशान कपड्यांसकट हौदात बसला. बारा वाजले, एक वाजत आला, रत्ना आली नाही. वर रेंज नसते, तलावाच्या बांधावर एका ठरावीक दगडाजवळ ती मिळते असं गुलाबसिंगने सांगितलं. त्या दगडाजवळ आधीच दोन माणसं आपापल्या घरच्यांशी मोठ्याने बोलत उभी होती. त्यांचं होईपर्यंत थांबून मी रत्नाच्या नवऱ्याला फोन लावला.

"दादा, ती सकायपासून तयार व्हयीसन बठेल शे," तो आमच्या खान्देशी बोलीत हळू आवाजात म्हणाला. "पोरेस्ले बूटबी घाली दिधात. मी म्हनं, चाल, मीच लयी जास. ती म्हने, मन्हा भाऊ येई लेवाले. माय नही म्हनीसन मुऱ्हाळीबी नही का?"

म्हणजे नवरा आणायला तयार असूनही रत्ना सकाळपासून माझीच वाट बघत बसली होती. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा माणूस. लेक आपली आपण येत नाही, तिला घ्यायला कोणीतरी जावं लागतं. दरवर्षी आखाजीच्या आधी आई माझ्या हातात कुरडया-पापडाची पिशवी द्यायची आणि मी बसने अक्कलकुव्याला जायचो. दर वर्षी कुरकुरत जायचो. आई गेल्यावर पाठवणारं कोणी उरलं नाही, आणि मला ते सुचलं नाही. हौदाची खोली मोजणारा मी, एवढी साधी गोष्ट विसरलो. मला स्वतःची फार लाज वाटली.

वैशाली नाशिकची, तिच्याकडे ही रीत नाही. मी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग अजून इथं काय करताय?" मुलांना तिच्याजवळ ठेवून मी एकटाच निघालो. गुलाबसिंगने न विचारता कागदात बांधून आमचूर दिला. "बहिणीकडे रिकामं नका जाऊ, सर."

घाट उतरताना ऊन अंगावर आलं. शहादा, तळोदा आणि मग गुजरातकडे जाणारे ट्रक. केळीच्या बागा, पपईच्या बागा आणि उसाचं रान मागं पडत गेलं. एरवी या रस्त्याने जाताना मी भोवतालचं बघत जातो, त्या दिवशी घड्याळाकडेच बघत होतो. तळोद्याला आंबे घेतले. अक्कलकुव्याला आठवडी बाजार नव्हता, तरी सणाची गर्दी होती. डोंगरातल्या गावांहून आलेली माणसं जीपच्या टपावर बसून परत निघाली होती. त्यांच्यातून वाट काढत रत्नाच्या गल्लीत पोचायला चार वाजले.

ती ओट्यावर बसली होती. नवी जांभळी साडी, शेजारी बॅग. पार्थ बुटांसकट तिच्या मांडीवर झोपला होता. मला बघून ती उठली नाही, फक्त पदर नीट केला. तिची सासू आतून बाहेर आली आणि भाऊ आल्याचं अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात म्हणाली, "उनात का मुऱ्हाळी? या, बठा."

"उशीर व्हयना, मावशी. लगेच निघतो," मी म्हणालो.

"मुऱ्हाळीले उपाशी धाडतस का कोठे?" म्हणून तिने मला आत बसवलं. शेव, चहा आणि वर वाटीभर रस. मी एकेक घास घेत होतो आणि रत्ना शेजारणीला सांगत होती, "भाऊ उना. जास मी." तिचा आवाज ऐकूनच माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तिने काय सोसलं असेल.

तळोद्यापर्यंत ती मुलांचंच बघत होती. मग म्हणाली, "भाऊ, तू माले लोकेशन धाडं. मी काय पार्सल शे का?"

"चुकनं मन्हं," मी म्हणालो.

"सासूनी तीनदाव इचारं, कोन ई ऱ्हायना तुले लेवाले? मी तीनदाव सांगं, भाऊ. चौथ्यादाव इचारती ते काय सांगती मी?"

मी पुन्हा चुकलोच म्हणालो. तिला बहुतेक तेही नको होतं. तिने खिडकी खाली केली, गौरीचा घाम पुसला आणि वैशालीची चौकशी केली. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

शहादा ओलांडल्यावर लोणखेडा येतं, तोरणमाळचा रस्ता तिथूनच जातो. वळण दिसताच ती म्हणाली, "पहिले घर चाल."

"घरले कुलूप शे. तुन्ही वहिनी वर शे."

"ऱ्हाऊ दे. दारमा उभी ऱ्हासू नि जासू."

गाडी घरासमोर थांबवली. ती मुलांना घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आत जाईना. मग माझ्या ध्यानात आलं. माहेरी आलेली लेक तशीच आत येत नाही. आधी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं. हे आई करायची, आणि मी बॅगा उचलून तिच्या बाजूने आत शिरायचो. आता ते करणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी कुलूप काढलं, स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणलं, पण दोन दिवसांसाठी आवरून ठेवलेल्या घरात भाकरी कुठून असणार? पार्थच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. मी ते मागितलं. त्याने दिलं नाही. शेवटी मी त्यातला कोपरा मोडून घेतला, तिघांवरून ओवाळला आणि डावीकडे टाकला. उजवीकडे टाकायचा का डावीकडे, हे मला आजही माहीत नाही. पार्थने बिस्किटासाठी भोकाड पसरलं. मी रत्नाच्या पायांवर पाणी घातलं, ते जास्त पडलं आणि तिच्या नव्या साडीचा काठ भिजला.

रत्ना हसायला लागली. हसता हसता उंबऱ्यावर बसली आणि मग रडली. मीही रडलो. ओल्या पायांनी ती आत गेली, माठातलं पाणी प्यायली, दोन्ही खोल्यांत एकदा फिरून आली. घर तापलेलंच होतं. "उकडतं लई," ती पदराने वारा घेत म्हणाली, "चाल आते तुन्हा हॉटेलले."

अंधार पडायच्या बेताला आम्ही वर पोचलो. पुढचे दोन दिवस अगदी निवांत गेले. आखाजीच्या सकाळी वैशाली आणि रत्ना हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथल्या बायकांबरोबर पुरणपोळ्या केल्या. गुलाबसिंगसाठीही चार बाजूला काढल्या. मुलं हौदातून बाहेर यायला तयार नव्हती. संध्याकाळी कमळ तलावापर्यंत चालत गेलो, तिथं वारा इतका गार होता की रत्नाने गौरीला पदराखाली घेतलं. घामोळं कुणालाच उठलं नाही. हॉटेल मी चांगलं निवडलं होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही.

परतताना बहिणीला सोडायलाही मीच गेलो. आता ओळखीतले लोक मला विचारतात, लहान मुलांना घेऊन तोरणमाळला कुठं राहावं? मी त्यांना कठडा, पाणी, दूध सगळं सांगतो. सांगताना दरवेळी वाटतं की मी हे इतकं नीट शिकलो, आणि आईने दरवर्षी जे डोळ्यांसमोर केलं ते शिकायला मला घाट उतरून जावं लागलं. पण ते काही मी लोकांना बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी रत्नाला सोडायला गेलो, अक्कलकुव्याला गाडी थांबली तेव्हा रत्नाची सासू ओट्यावरच होती. तिने पार्थला जवळ ओढलं. "काय रे, कोठे जाई उना?"

"मामाना घर," पार्थ म्हणाला.

"काय काय शे तठे?"

"पवाना हौद शे. डोंगर शे. नि मामाना घर थंडी वाजस."

सासूने रत्नाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बॅग खाली ठेवत होतो. रत्नाने मुलाचे बूट काढता काढता मान हलवली आणि म्हणाली, "हो ना व माय. मन्हा भाऊना घर लई थंडी वाजस."