फक्त सणापर्यंत

आमच्या गावातले बाप ओतिलियाला नमस्कार करत नाहीत. ती समोरून आली की टोपी सारखी करतात आणि दुसरीकडे बघतात. त्यांच्याच बायका मात्र तिच्या मागच्या दारानं कधी मक्याच्या पानात उकडलेले तामाल पोचवतात, कधी अंडी, कधी पेरूची टोपली. ओतिलिया शाळेत शेवटच्या वर्गातल्या मुलांना पुढं काय शिकायचं, कुठं जायचं ते सांगणारी बाई आहे. सरकारनं तिला त्याच कामाला नेमलंय, आणि इतकी वर्षं तिचा सल्ला एकच आहे. काहीही करा, पण माळावर जाऊ नका.

माळ गावाबाहेर आहे. तिथं विटांच्या लहान लहान खोल्या आहेत, एकमेकींपासून लांब. त्या खोल्यांत फटाक्यांची दारू कालवतात, बाण भरतात, वाती वळतात. अर्ध्या मेक्सिकोतल्या लग्नांना आणि देवांच्या मिरवणुकांना उजेड आमच्याकडून जातो, आणि आमच्या पोरांच्या पायांत बूट येतात ते त्यातूनच. तेव्हा ओतिलियाचं बोलणं बापांना झोंबतं यात त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. पण आया अंडी पोचवतात, तेही मी या डोळ्यांनी बघितलंय.

मी कासिल्दा. आठवडी बाजारात माझं कपड्यांचं दुकान आहे. ओतिलिया आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. आम्ही पंधरा वर्षांच्या होतो तेव्हा तिचे वडील आणि दोन भाऊ माळावरच्या स्फोटात एकाच सकाळी गेले. तेव्हापासून तिच्या घरात काडेपेटी नाही. विजेच्या शेगडीवर रांधते, कुणाच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्ती दिसली की उठून अंगणात जाते. मार्चमध्ये आमच्या संताचा सण आला की तोलुका शहरात चुलतबहिणीकडे निघून जाते आणि सगळा धूर विरल्यावर परत येते. एरवी मात्र पाय मागे घेणारी बाई नव्हे. एकेका पोराच्या हात धुऊन मागे लागायची. कुणाला राजधानीत केस कापायला शिकायला घातलं, कुणाला नर्स केलं, एकाला तर स्वतः हाताला धरून बेकरीत नेऊन बसवलं. ज्यांनी ऐकलं नाही आणि जे पुढं माळावर जळून मेले, त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या अंत्ययात्रेत ती सगळ्यांच्या मागून चालायची. कुणाशी बोलायची नाही.

"हट्टी पोरं परवडली," ती मला म्हणायची. "ज्याला गायचंय, ज्याला ट्रक चालवायचाय, त्याला कुठंतरी नेता येतं. ज्यांना काहीच नको असतं ना कासिल्दे, त्यांची मला भीती वाटते."

भीती खरी होती. आमच्याकडे दारूकामाला कुणी ठरवून जात नाही. ज्याचं काही ठरत नाही तो एका सोमवारी बापाबरोबर डबा घेऊन निघतो आणि मग जातच राहतो.

माझ्या धाकट्या बहिणीची, इमेल्दाची, मुलगी यारेली ही अगदी तसलीच. पंधरा वर्षांची, अंगानं किडकिडीत. अभ्यासात वाईट नाही, चांगली नाही. काय आवडतं विचारलं की खांदे उडवायची. ओतिलियानं तिला सगळीकडे फिरवलं. रक्त तपासतात ती प्रयोगशाळा दाखवली, गुरांच्या डॉक्टरकडे नेलं, शिवणाच्या कारखान्यात नेलं. घरी आल्यावर मी विचारायची, काय गं, कसं होतं? "बरं होतं, मावशी." प्रत्येक ठिकाण बरंच होतं. मला तर दोन ठेवून द्याव्याशा वाटायच्या. ओतिलिया चिकाटीची, तिनं शेवटी तोलुकाच्या एका शाळेत रक्ततपासणीच्या वर्गात जागा बघून ठेवली. पोरीचं ठरत नसेल तर आपण ठरवू, पुढं सवय होईल, असं तिचं म्हणणं होतं. यारेली त्यालाही बरं म्हणाली.

आणि मग जानेवारीत एका दुपारी यारेलीचा बाप, नाबोर, ओतिलियाकडे पुढच्या दारानं आला. असं आजवर कुठल्याच बापानं केलं नव्हतं. मी तिथंच कॉफी पीत बसले होते. नाबोर माझा मेव्हणा, मऊ बोलणारा माणूस, उजव्या हाताची दोन बोटं माळावर ठेवून आलेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

त्याचं गाऱ्हाणं बैलाचं होतं. आमच्या सणाला घरोघरचे बैल निघतात. वेताचा सांगाडा, वरून कागद, रंग, खाली चाकं, आणि पाठीवर शिंगांपासून शेपटीपर्यंत फटाके. अंधार पडला की पेटवून गर्दीत ढकलायचे. जळत्या दवाखान्यातून रोगी बाहेर काढताना ज्याला एक चटका लागला नाही, तो आमचा संत. त्याला हे आवडतं. यारेली तान्ही असताना तापानं गेल्यातच जमा होती. तेव्हा नाबोरनं नवस केला, ही जगली तर दर वर्षी घरचा बैल देईन, त्याला बाहेरचा हात लागू देणार नाही. इतकी वर्षं त्याचा पुतण्या मदतीला असायचा. त्या पुतण्याला ओतिलियानंच मागच्या साली विजेचं काम शिकायला राजधानीत धाडलं होतं.

"पुतण्याला नेलंत, मी काही बोललो नाही बाई," नाबोर म्हणाला. "आता संताचं काम अडलंय. पोरीला फक्त सणापर्यंत द्या. सण झाला की तुम्ही म्हणाल तिथं स्वतः सोडून येतो."

ओतिलियानं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? ज्या नवसावर पोर जगली तो मोडून तिला गावाबाहेर पाठवा, असं सांगायची हिंमत आमच्या गावात जन्मलेल्या कुणाच्याच अंगात नाही. मेणबत्ती न लावणाऱ्या ओतिलियाच्याही नाही. दुसऱ्या गावची बाई असती तर सरळ नाही म्हणाली असती.

"फक्त वेत आणि कागद," ती म्हणाली. "घरच्या अंगणात. माळावर पाऊल टाकायचं नाही." नाबोरनं संताची शपथ घेतली आणि मला वाटतं ती खोटी नव्हती.

फेब्रुवारीत वारा सुटला. कोरडा, धुळीचा. आम्हाला तो नको असतो. त्या दिवसांत माळावर जाणारी माणसं खोलीत शिरण्याआधी, अंगाची ठिणगी उडू नये म्हणून, पाण्याच्या बादलीत हात बुडवतात आणि एकमेकांशी कमी बोलतात. सण जवळ आलेला असतो, खोल्यांत वाजवीपेक्षा जास्त माल भरलेला असतो, आणि गावातली प्रत्येक बाई एक कान माळाकडे ठेवून भाजी चिरत असते.

बाजाराच्या दिवशी तो आवाज झाला. आधी पायांखाली आणि मग कानात. सगळा बाजार थांबला. मोठ्यानं कुणी ओरडलं नाही. ओरडत नाही आम्ही. बायका हातातलं टाकून रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि धूर कुठल्या अंगाला आहे ते बघू लागल्या. ओतिलिया माझ्या दुकानात होती. ती कापडाच्या गठ्ठ्यावर दोन्ही हात टेकून बसून राहिली. थोड्या वेळानं कळलं, म्हातारा बाल्दोमेरो गेला. पलीकडच्या अंगाची खोली. आमच्यापैकी कुणी नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात संताचे आभार मानले. सगळेच मानतात.

बाल्दोमेरोच्या घरी शवपेटीपाशी रात्रभर जागरण होतं, तिथं आम्ही गेलो. पेटी बंदच होती. यारेली आईबरोबर आली होती. गोड ब्रेड आणि कॉफी वाटता वाटता ती माळावरच्या माणसांत जाऊन थांबली आणि बाल्दोमेरोच्या मुलाला तिनं विचारलं, "आजोबा कुठला रंग कालवत होते?"

"हिरवा," तो म्हणाला.

"ओला होता की सुका?"

मुलगा रडता रडता तिला सांगू लागला आणि ती मान हलवत ऐकत राहिली. पंधरा वर्षांत त्या पोरीनं कुणाला एवढ्या आस्थेनं काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी ओतिलियाकडे वळून बघितलं. तिनंही ऐकलं होतं.

सणाच्या आदल्या आठवड्यात इमेल्दा दुकानात आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग खाली बघत म्हणाली, यारेलीला दोन झगे दे, निव्वळ सुती, चेन नको, बटणं कापडी. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो. नायलॉन अंगावर घासलं की ठिणगी उडते, म्हणून माळावर सुताशिवाय काही चालत नाही. कुठल्या घरातलं कोण माळावर जायला लागलं, हे पाद्र्याच्या आधी मला कळतं.

"अगं, कागदापुरतं ठरलं होतं ना?" मी म्हटलं.

"कागद झाला. आता वाती बांधायच्या राहिल्यात. नाबोरचा हात चालत नाही, दोन बोटं नाहीत त्याला. चार दिवसांचं तर काम आहे." मग हळूच म्हणाली, "ताई, पोर हसत घरी येते गं."

मी झगे दिले. न देऊन काय होणार होतं, तिनं दुसरीकडून घेतले असते, आणि दुसरे लोक सुतात काय काय मिसळतात ते मला ठाऊक आहे. इमेल्दाची पाठ वळताच मी शाळेत जाऊन ओतिलियाला सांगितलं. ती तशीच उठून माळावर निघाली. वडील गेल्यापासून ती त्या रस्त्याला लागली नव्हती. मी तिच्या मागून पळत होते.

नाबोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बाकावर बाप आणि लेक शेजारी शेजारी बसले होते. यारेली वाती बांधत होती. आमच्याकडे एक रीत आहे, लहान पोरालाही माहीत असते. काम करणाऱ्याला दारातून हाक मारायची नाही, दचकवायचं नाही. त्याचे हात रिकामे होईपर्यंत बाहेर उभं राहायचं. ओतिलियाच्या मनात सांगायचं खूप काही होतं, येताना वाटभर ती पुटपुटत होती. पण ती उभी राहिली. वारा आमच्या डोळ्यांत माती भरत होता. एक वात बांधून झाली की यारेली लगेच दुसरी उचलायची, मध्ये हात रिकामा होऊ देत नव्हती. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. बापानं एकदा मान वर केली, आम्हाला बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ऊन कलायला लागलं तेव्हा ओतिलियानं माझा दंड धरला आणि आम्ही तशाच परत फिरलो.

त्या वर्षी सणाला ती तोलुकाला गेली नाही. चौकाच्या कडेला माझ्याजवळ भिंतीला पाठ लावून उभी होती. नाबोरचा बैल पेटला आणि गर्दीत घुसला, लोक किंचाळत मागे हटले, पुन्हा पुढं धावले. यारेली शिंगाला धरून बैलाबरोबर धावत होती. ठिणग्या तिच्या डोक्यावरून वाहत होत्या, झग्याला भोकं पडली होती, मानेवर भाजलं होतं, आणि ती तोंड वर करून बघत होती. आपण बांधलेली एकेक वात कशी पेटत जाते ते बघत होती. तिचं असं तोंड मी जन्मापासून बघितलं नव्हतं. तिच्या वयाच्या दुसऱ्या कुणाचं असतं तर मला आनंद झाला असता.

पुढच्या बाजाराला ओतिलिया माझ्या दुकानात बसली होती. तोलुकाला सोमवारी जायचं ठरलं होतं, नाबोर शब्दाला जागणार होता, पोरीची पिशवीही भरून तयार होती. तेवढ्यात यारेलीच आली. मानेला मलम फासलेलं.

"बाई, मी येत नाही तोलुकाला," ती म्हणाली. "बाबा जा म्हणतायत, आई रडतेय. पण मला कळलं मला काय करायचंय."

आणि मग ती बोलायला लागली. आपल्याकडच्या हिरव्यात दम नाही, लांबून पांढरट दिसतो. बाल्दोमेरो आजोबा जवळ आले होते पण त्यांनी घाई केली. ती घाई करणार नाही. पेरू कच्चा असताना असतो तसा हिरवा तिला आकाशात आणायचाय. पुढं काय होणार म्हणून विचारलं की खांदे उडवणारी पोर उभ्या उभ्या हातवारे करून सांगत होती. मला वाटलं आता ओतिलिया तिला फाडून खाणार. इतक्या पोरांना तिनं याच्यासाठीच फाडून खाल्लं होतं. मी वाट बघत राहिले.

ओतिलियानं सगळं ऐकून घेतलं. तिच्याजवळ न ठरलेल्या पोरांसाठी बोलणं होतं. ठरलेल्या पोरीसाठी नव्हतं.

"मग एक कर," ती शेवटी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, वर्गातला. "बापाबरोबर एका खोलीत बसू नकोस. त्याला म्हणावं, मला वेगळी बांधून दे."

"का बाई? मला तर त्यांच्याकडूनच शिकायचंय."

"तुझ्या आईला तुमच्यातलं कुणीतरी उरायला हवं."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. यारेली मात्र घाबरली नाही, रडली नाही. कामाची गोष्ट ऐकावी तसं तिनं ते ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि विचारलं, "किती लांब बांधू?"