एमिलसाठी आणलेलं कातडं

व्हर्लिन हॉस्टेटरला फौजेनं घेतलं नाही. एक कान जवळजवळ बहिरा म्हणून डॉक्टरनं त्याला भरतीच्या रांगेतून बाजूला काढलं, आणि त्याच्या मागे उभा असलेला त्याचा शाळासोबती एमिल डुडाश कोरियाला गेला. तिथल्या बर्फात एमिलच्या पायाची बोटं गेली. पुढे साखरेच्या आजारानं पाय नेले, मग मूत्रपिंडं. व्हर्लिन गावातच राहिला, इर्माशी लग्न केलं, हार्डवेअरचं दुकान चालवलं आणि कंदील लॉज नावाच्या गावातल्या बंधुमंडळाचा सभासद झाला.

लॉजमध्ये लोक बिअर पितात, पत्ते कुटतात, तोंडावर एकमेकांना 'भाऊ' म्हणतात नि पाठ फिरली की शिव्या घालतात. पण एक काम त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की गावातले शिकारी कातडी लॉजच्या शेडमध्ये आणून टाकत. भाऊलोक ती मीठ चोळून ठेवत, कमावायला पाठवत, आणि वसंतात ते मऊ कातडं माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात जाई. तिथले रुग्ण त्याचे हातमोजे शिवत, चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी. दिवसभर चाकं ढकलली की तळहात सोलून निघतात, आणि सरकारी मोजे कसले असतात ते विचारूच नका.

दोन वर्षांपूर्वी एमिलनं रक्त शुद्ध करायच्या मशीनवर जायला नकार दिला तेव्हा व्हर्लिननं याच कातड्याची शपथ घातली होती. "वसंतात माल येतोय. मोजे कोण शिवणार, तुझा आजा?" एमिल कुरकुरत गेला. तेव्हापासून तो दिवसाआड मशीनवर जाई आणि व्हर्लिन माल आणी. एवढ्या एका दोरीवर त्या माणसाचा जीव टांगला होता, असं व्हर्लिन धरून चालला होता.

यंदा हंगामाच्या दुसऱ्याच सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. मशीनवर न्यायला आलेल्या नर्सला एमिलनं परत पाठवलं होतं. शेडमध्ये ताज्या कातड्यांचा ढीग पडला होता. मीठ चोळायला हात कुणाचे? एक भाऊ फ्लोरिडात, एकाचा खुबा मोडलेला, बाकीचे बरेचसे कबरस्तानात. थंडी आहेच, दोन दिवस काही होत नाही, असं म्हणत व्हर्लिननं कातडी तशीच घडी करून रचली आणि गाडी काढली. एमिलला त्यानं मनवलं, पुन्हा त्याच कातड्याच्या जोरावर; त्यात आठवडा गेला. पण त्या आठवड्यात थंडीनं दगा दिला. डिसेंबरात माणसं सदरा घालून फिरली. व्हर्लिन परतला तेव्हा शेडच्या बाहेरच त्याला नाक दाबावं लागलं. एकही कातडं वाचलं नाही. ज्याच्यासाठी धावला, त्याच्याच मुळावर उठला.

मग तो दारोदार फिरला. नवी पोरं कातडी रानातच टाकून आली होती. दुसऱ्या लॉजनी आपापला माल आपल्या हॉस्पिटलांना कबूल केलेला. सगळा हिवाळा तो एमिलला "येतंय, येतंय" म्हणत राहिला, आणि घरी एकटा बसून भिंतीला विचारत राहिला, आता मी करू तरी काय?

मार्चमध्ये त्यानं शहरातल्या दुकानातून कातडं विकत आणलं, तेल चोळचोळून मऊ केलं आणि एमिलच्या मांडीवर ठेवलं.

एमिलनं त्यावरून अंगठा फिरवला. "हे हरीण काय डांबर खात होतं?"

"यंदाची जरा राठच आहेत."

"व्हर्ली, ही गाय आहे. दुकानातली गाय."

व्हर्लिननं सगळं ओकून टाकलं. ऐकता ऐकता एमिल हसायला लागला, खोकला लागेपर्यंत हसला.

"हसतोस काय! मी तुझा घात केला रे!"

"अरे गाढवा, मोज्यांसाठी मी त्या मशीनवर जात होतो? माझ्या बोटांत सुई धरवत नाही, दोन वर्षं झाली. मोजे पलीकडच्या खाटेवरचा तो ऑटो नावाचा म्हातारा शिवतो."

"मग कशासाठी जात होतास?"

"तुझ्यासाठी. तुझी इर्मा गेल्यावर या खुर्चीत येऊन बसायचास, तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, याला काहीतरी काम हवं, नाहीतर हा घरी जाऊन स्वतःचं काहीतरी करून घेईल." एमिलनं डोळे मिटले. "आता नाही होत, व्हर्ली. मशीनवरून आलो की दिवसभर ओकत पडतो. सोड मला."

"पुढच्या डिसेंबरला मिठाची पोती आधीच भरून ठेवतो. आजच सांगतो. एमिल, एक वर्ष. एकच."

"नको."

"त्या रांगेत मी तुझ्या पुढे होतो रे. जायला मी हवा होतो."

"तुझा कान फुटका, त्यात तुझा काय गुन्हा? सगळा जन्म फेडत बसलास. मी कधी मागितलं होतं?"

तेवढ्यात नर्स डेलोरेस रिकामी खुर्ची ढकलत आली. "चला मिस्टर डुडाश, मशीन वाट बघतंय. नखरे केलेत तर यांनाच सांगेन हं, हे तुम्हाला बरोबर वठणीवर आणतात." आणि ती हसून व्हर्लिनकडे बघत उभी राहिली.

एमिल पांघरुणाचा दोरा उसवत होता. व्हर्लिनकडे त्यानं बघितलं नाही. 'न्या त्याला,' एवढंच म्हणायचं होतं. व्हर्लिनच्या जिभेवर ते आलंही होतं.

"आज तो येणार नाही," व्हर्लिन म्हणाला.

"बरं, मग परवा?"

"परवाही नाही," तो म्हणाला, आणि तिच्या देखत लहान पोरासारखा रडू लागला.