बोरुडे काकांना न आवडलेली तिकिटं

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांकडे तिकिटांपेक्षा किस्से जास्त साठतात. तिकिटांना निदान अल्बम तरी असतो. किस्से काय, चार माणसं टेकली की सुरू! आमचे सुरू झाले ते दवाखान्याच्या बाकावर.

आमच्या बोरुडे काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणंच गेलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. पण तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा." आता आली का पंचाईत! आमच्यात बोलायचं खातं काकांकडेच होतं. दर रविवारी भिंगारला त्यांच्या घरी आम्ही जमायचो. मी झेरॉक्सवाला, घोडेगावचे गुरांचे डॉक्टर दरंदले आणि सोनईच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुरेखाताई. नवीन तिकीट मध्ये ठेवायचं, आम्ही कौतुक करायचं आणि काकांनी त्याला नावं ठेवायची, हा शिरस्ता.

*

एकदा पक्ष्याचं तिकीट आलं. आमचं आपलं, "वा! काय सुंदर!"

काकांनी भिंग लावलं. "पक्षी झ्याक हाय. पन फांदीवर बसलाय, का कुनी खिळा ठोकून बसवलाय?"

झालं! त्यानंतर मला त्या तिकिटात खिळाच दिसायला लागला.

*

दरंदले डॉक्टरांची तऱ्हाच निराळी. तिकिटावर जनावर असलं की ते पेशंट! बैलाचं तिकीट समोर आलं, तर पाच मिनिटं भिंगातून पाय तपासले. मग म्हणाले, "खुरं वाढलीत."

काका खूश! "बघा! मी एकटाच खवट न्हाई!"

*

बरं, नावं ठेवायची आणि घ्यायची मात्र पूर्ण शीट. पोस्टातल्या मॅडमनी एकदा विचारलंच, "काका, इतकं वाईट आहे तर एवढी कशाला घेताय?"

"चांगली काय, कुनीबी जपंल. वाईटाला कुनी वाली हाय का?"

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि शीट काढून दिली. मला मात्र हा माणूस त्या दिवशी जास्तच आवडला.

*

मग आलं वासाचं तिकीट. रुमालानं घासलं की चंदनाचा वास! डॉक्टरांनी हुंगलं, ताईंनी हुंगलं, मी तर दोनदा. काकांची पाळी येईपर्यंत वास गायब.

"भावड्यांनो, नाकानं संपवलंत की रं!"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकूंना तिकिटाबद्दल काहीही विचारा, उत्तर एकच, "मला काय कळतंय त्यातलं!" त्या दिवशी मात्र थांबल्या. म्हणाल्या, "आजून हायती का? देवापुढं लावते. उदबत्ती संपलीया."

*

सुरेखाताईंनी एकदा शाळेत मुलांकडून तिकिटांची चित्रं काढून घेतली आणि परीक्षक म्हणून बोलावलं कोणाला? काकांना! आम्ही म्हटलं, आता पोरं रडणार.

एका मुलीनं कांदा काढला होता. काकांनी भिंगातून पाहिला. "कांदा एक नंबर! पन तिकिटाला दात कुठंयत?"

पोरगी तिथंच बसली. कर्कटकानं कागदाच्या चारी कडांना भोकं पाडली आणि फाडून दात करून दिले. एक कड पार वाकडी गेली होती.

तो कांदा काकांच्या अल्बममध्ये आहे. मागं नाही हं, सरकारी तिकिटांच्या रांगेत! आम्ही कुरकुरलो, तर म्हणाले, "ह्याच्याएवढी मेहनत तुमच्या सरकारनं तरी घेतली का?"

*

तर, दवाखाना. आठवडा होत आला, काका एक शब्द बोलले नव्हते. काकू उशाशी बसून सारखं बोलायच्या, म्हैस, शेजारीण, भाच्याचं लग्न. काका नुसते बघायचे. काकूंचं तोंड बघवत नव्हतं.

त्यातच नवीन तिकीट आलं, फुलाचं. दरंदले डॉक्टर म्हणाले, "आपण खोटं कौतुक करू. इतकं करू, की त्यांना राहवणारच नाही!"

मी तिकीट चिमट्यात धरून काकांच्या डोळ्यांसमोर नेलं. आमच्यात तिकिटाला हात लावणं म्हणजे पापच. कागदाला घाम लागतो, मागचा डिंक सुटतो.

"काका, काय रंग आहे!" मी म्हणालो.

"असं तिकीट जगात झालं नाही!" डॉक्टर.

"आणि ती पाकळी! डोळ्यात पाणी येतं!" ताईंच्या डोळ्यात खरंच आलं होतं, पण ते पाकळीसाठी नव्हतं.

काका बघत राहिले. आम्ही पार थकलो. मी चिमटा मागं घेणार, इतक्यात त्यांचे ओठ हलले.

"फि... फिक्कं."

काकू कोपऱ्यात पेला विसळत होत्या. तो टाकून धावल्या, चिमट्यातून तिकीट ओढलं आणि ओल्या तळहातावर धरून भिंगाबिंगाशिवाय बघितलं.

"व्हय वो! लई फिक्कं हाय! अगदीच फिक्कं हाय!" त्या हसत होत्या आणि रडत होत्या. तिकीट त्यांच्या तळव्याला गच्च चिकटलं होतं. आम्ही तिघं पट्टीचे संग्राहक, पण ते सोडवायला कोणीच पुढं झालं नाही.

काकांनी तो तळवा बघितला. मान उचलायचा प्रयत्न केला. आणि सगळा वॉर्ड ऐकेल असे ओरडले,

"चिमटा!"