मॅनेजर बदलायचाय

लग्न होऊन मी बोरीहून पूर्णेला आले, तोवर फुटबॉल मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्या गावात पोरं विटीदांडू खेळत, बाप्ये कुस्त्या बघायला जात, आणि बायांनी मैदानाकडं फिरकायचं नाही अशी रीत होती. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नवरा पूर्णेच्या लोकोशेडात खलाशी होता. खलाशी म्हणजे इंजिन पुसायचं, राख काढायची, कोळसा वर चढवायचा. संध्याकाळी घरी आला की नुसते डोळे आणि दात ओळखू येत. सासू-सासरे गावाकडं होते. त्यामुळं रेल्वेच्या त्या एका खोलीच्या क्वार्टरात मीच मालकीण. त्याचं मला इतकं अप्रूप होतं की पहिले काही दिवस मी उगाचच दार उघडून बाहेर यायची आणि पुन्हा आत जायची.

पहिल्याच रविवारी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. ओळीच्या टोकाच्या मोठ्या क्वार्टरात मालगाडीवरचे गार्डसाहेब राहत, त्यांची ही बायको. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, हैदराबादेत वाढलेल्या, आवाज असा की यार्डातली माणसं वळून बघत.

"पदर खोच अन् मूठभर शेंगदाणे घे," त्या म्हणाल्या. "मॅच हाय."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? चेंडू तिकडं गेला की हसायचं, इकडं आला की बोंबलायचं."

मैदान क्वार्टरांच्या मागं होतं आणि मैदानाला लागूनच रूळ. कडेला रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची उंच चळत रचलेली होती. तिच्यावर रेल्वेच्या सगळ्या बाया चढून बसत. मीही चढले. खाली पुरुषांची गर्दी, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. बोरीत असं कुणी बसलं असतं तर गावानं वर्षभर चघळलं असतं. पहिल्या मॅचला मी पदर तोंडाशी धरून बसले होते. तिसऱ्या मॅचला माझा घसा बसला होता आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याशी मी खुणांनी बोलत होते.

फक्त एक गोष्ट होती. आमची टीम हरायची. परभणीची टीम यायची आणि हरवून जायची, नांदेडची यायची आणि हरवून जायची. आमच्या पोरांत दम नव्हता असं नाही. माझा नवरा शेडातून सुटला की सशासारखा पळे. पण तो खेळायचा अगदी मागं, आमच्या गोलाच्या तोंडाशी, आणि तिथनं पुढं यायची त्याला मुभा नव्हती. कारण टीमचे मॅनेजर होते गार्डसाहेब.

गार्डसाहेब उंच, शिडशिडीत, पांढरे बूट पॉलिश केलेले, बोलणं हळू आणि नेमकं. माणूस देवासारखा. कुणाच्या घरी आजारपण असलं तर सगळ्यांच्या आधी तेच येत. पण टीम त्यांनी रेल्वेच्या दर्जाप्रमाणं लावली होती. सगळ्यात पुढं ड्रायव्हर, त्यांच्या मागं फायरमन, आणि सगळ्यात मागं खलाशी. आमचे ड्रायव्हर म्हणजे पिकलेल्या मिशांची, पोट सुटलेली वजनदार माणसं. सगळ्यात वडीलधारे ड्रायव्हर समोरच्यांच्या गोलापाशी कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि चेंडू कुणीतरी अदबीनं आणून पायाशी ठेवील याची वाट बघत. चेंडूला डोकं लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्यावर कडी म्हणजे गार्डसाहेबांच्या गळ्यातली शिट्टी. नांदेडच्या मॅचला आमच्या एका फायरमननं चेंडू छान पुढं नेला आणि गार्डसाहेबांना इतका आनंद झाला की सवयीनं त्यांनी शिट्टी फुंकली. गाडी सुटायची वेळ झाली की फुंकायचे तशी, लांबलचक. आमच्या सगळ्यांना वाटलं पंचानंच खेळ थांबवला. अकराच्या अकरा जण जागच्या जागी उभे. नांदेडवाल्यांनी चेंडू घेतला आणि चालत चालत जाऊन गोल केला. त्यांच्यातल्या एकानं तर मधे थांबून मोज्याची घडी नीट केली.

त्या दिवसापासून लोकांचं मन उडालं. नळावर, शेडात, स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय राहिला नाही. पण तोंडावर बोलायचं कुणी? शेवटी काही फायरमन आणि खलाशी मिळून त्यांच्या घरी गेले. माझा नवराही गेला होता. परत आला तो हसत हसत खाटेवर आडवा पडला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, उद्या खलाशी ड्रायव्हरच्या पुढं पळायला लागला तर शेडात कोण कुणाचं ऐकंल? मग एकजण म्हणला, साहेब, लोक मैदानात ओरडायलेत, ते तरी ऐका. तर म्हणले, रेल्वे आरडाओरड्यावर चालत नसती. सिग्नलवर चालती."

दुसऱ्या दिवशी नळावर हे मी वहिनींना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. शेवटी नवरा त्यांचा. त्यांनी घागर खाली ठेवली.

"मला काय सांगायलीस? घरात तर याच्या वर हाय," त्या म्हणाल्या. "काल ताटात वांग्याच्या फोडींची टीम मांडली. मोठ्या फोडी पुढं, बारक्या मागं. मी म्हणलं, निदान ताटात तरी बारकीला पुढं येऊ द्या. तर जेवण सोडून मला कायदा सांगायला लागले. माणूस लाखात एक हाय गं माझा. पण मॅनेजर म्हणून बिलकुल नको."

"मग करायचं काय?"

वहिनींनी घागर पुन्हा नळाखाली सरकवली. मग त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला आजही दिसतं.

"सिग्नलच पायजे न त्यांना? दाखवू की."

पुढच्या रविवारी सोनपेठचे लोक येणार होते. ते तालमीतले पैलवान. त्यांनी फुटबॉल त्याच हंगामात पहिल्यांदा हातात धरला होता, आणि हातातच धरला होता हे खरं. चेंडू पायानं मारायचा हे त्यांना अधूनमधून आठवे. बूट एकाकडंही नव्हते. गावात सगळे म्हणत होते, यांना तरी हरवूच.

त्या रविवारी स्लीपरांच्या चळतीवरच्या प्रत्येक बाईच्या पदराखाली काहीतरी लाल होतं. कुणी परकराचा तुकडा आणला, कुणी जुनं खणाचं कापड, कुणी पोराचं झबलं. मी माझ्या लग्नातल्या लुगड्याची घडी आणली होती, कारण त्याच्याइतकं लाल माझ्याकडं दुसरं नव्हतं. आम्ही एकमेकींकडं बघत होतो आणि उगाच खुदखुदत होतो. खालच्या पुरुषांना कळेना, आमचे लोक हरत असताना या बाया कशाला हसायल्यात.

आणि हरतच होते. पैलवान आमच्या ड्रायव्हरांना अंगाखाली घेत, मग हात धरून उठवत, पाठीवरची माती झटकत आणि चेंडू घेऊन जात. अर्ध्या खेळाला चार गोल झाले होते आमच्यावर. गार्डसाहेब हाताची घडी घालून शांत उभे.

"आता," वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो आणि लाल कापडं डोक्यावर धरून हलवायला लागलो. माझं लुगडं वाऱ्यानं उलगडलं आणि त्याचं दुसरं टोक दोघीजणींनी धरलं. खाली पुरुषांना उमगलं तसे तेही खिशातले रुमाल, गळ्यातले गमछे काढून हलवू लागले. सगळं मैदान फडफडायला लागलं. गार्डसाहेब आमच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तर काहीतरी चुकतंय अशी भीती होती. त्यांनी एकदम रुळांकडं मान वळवली.

परभणीकडनं मालगाडी यार्डात येत होती. हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. रेल्वेच्या बाया आम्ही, रुळाकाठी कुणी काही जोरात हलवलं तर गाडी थांबते हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी आम्ही कुठं भानावर होतो? ब्रेक करकरले, डबे एकमेकांवर आदळत गेले, आणि अख्खी गाडी मैदानाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

मग गार्डसाहेब पळाले. त्यांना पळताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला, कपाळावर घाम.

"काय झालं? रूळ तुटलाय का?"

गार्डसाहेबांनी मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आमची कापडं तोवर पदराखाली गेली होती. माझं लुगडं मात्र जाईना, ते अर्धं स्लीपरांवरून खाली लोंबत होतं. वहिनी चळतीवरून उतरल्या आणि सरळ इंजिनापर्यंत चालत गेल्या.

"रूळ शाबूत हाय," त्या म्हणाल्या. "आमाला मॅनेजर बदलायचाय."

ड्रायव्हरनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. मग मैदानाकडं.

"किती गोल झाले?"

"चार."

"आपले?"

"आपल्यावर."

"कुणी केले?"

"सोनपेठवाल्यांनी."

त्यानं त्या अनवाणी पैलवानांकडं नीट बघून घेतलं. मग टोपी काढून घाम पुसला. "तर मग थांबवली ते ठीकच केलं," तो म्हणाला.

हसू आधी कुणाला फुटलं ठाऊक नाही. पण गार्डसाहेब हसले नाहीत. ते आमच्या चळतीसमोर येऊन उभे राहिले, आणि आवाज न चढवता बोलले. "या गाडीमागं दुसरी असती तर? तुमी काय केलंय ते कळतंय का तुमाला?" आमच्या माना खाली गेल्या. वहिनींचीसुद्धा. पुन्हा रुळाकाठी असं करणार नाही, हे त्यांनी प्रत्येकीकडून वदवून घेतलं. मग गळा साफ करून म्हणाले, "राहिली गोष्ट माझी. लाल दिसल्यावर गाडी पुढं न्यायची नसते. मी नेणार न्हाई." आणि चालत जाऊन ते पुरुषांच्या गर्दीत मागं उभे राहिले.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा टीमला मॅनेजरच नव्हता. कोण पुढं, कोण मागं, सांगणारं कुणी नाही. माझ्या नवऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि चेंडू घेऊन पळत सुटला. फायरमनच्या पुढं गेला, ड्रायव्हरांच्या पुढं गेला. कमरेवर हात ठेवून उभे असलेले वडीलधारे ड्रायव्हर त्याला काही म्हणायच्या आत तो गोलात चेंडूसकट जाऊन पडला होता.

आमचा तो एक गोल. पण जल्लोष काय झाला सांगू. मालगाडीच्या ड्रायव्हरनं इंजिनाची शिट्टी दाबून धरली. बाया चळतीवर नाचल्या. मी वरून काय ओरडले ते मला आठवत नाही, पण सगळ्यांदेखत नवऱ्याला नावानं हाक मारली एवढं मात्र नंतर सगळ्या बायांनी मला सांगितलं. पैलवानांनाही इतका आनंद झाला की जिंकलेल्याला उचलायच्या सवयीनं त्यांनी माझ्या नवऱ्यालाच खांद्यावर घेतलं. आम्ही पाच गोल खाऊन हरलो, आणि नवऱ्याची मिरवणूक निघाली ती स्टेशनच्या टपरीपर्यंत.

मालगाडीच्या ड्रायव्हरनं स्टेशनात सांगितलं की मैदानाजवळ म्हशी आडव्या आल्या होत्या. त्यामुळं पुढं कितीतरी दिवस आम्ही जाताना दिसलो की शेडातले लोक "म्हशी आल्या" म्हणत. आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. वहिनी तर उलट शिंगं दाखवत.

नवा मॅनेजर म्हणून पार्सल ऑफिसातला एक तरतरीत कारकून नेमला. त्यानं माझ्या नवऱ्याला पुढं खेळवलं. पुढची मॅच आम्ही बरोबरीत सोडवली, त्याच्या पुढची जिंकलो, आणि नंतर पुन्हा हरायला लागलो.

गार्डसाहेब आठवडाभर घराबाहेर फार दिसले नव्हते. मला वाईट वाटत होतं. पण कारकुनाच्या पहिल्या मॅचला ते आले आणि पुरुषांत न थांबता सरळ चळतीवर चढले. आम्ही सरकून जागा दिली. बायांत बसलेला तो एकटाच पुरुष. वहिनींनी त्यांच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. पहिला थोडा वेळ ते नेहमीसारखे ताठ बसले होते. मग कारकुनानं एका चांगल्या फायरमनला बाहेर बसवलं आणि गार्डसाहेब अचानक उठून असे ओरडले की मी दचकले. "अहो, त्या कारकुनाला काढा. मॅनेजर बदला आधी." म्हणून झाल्यावर स्वतःच आश्चर्यानं खाली बसले. वहिनी त्यांच्याकडं अशा बघत होत्या, की जणू आत्ताच लग्न ठरलंय.

तेव्हापासून ते दर रविवारी येत. एवढा खुश माणूस मी क्वचितच पाहिला असेल. बूट काढून बसत, मांडीवर थापट्या मारत, पंचाशी वरूनच भांडत. एकदा मात्र परभणीच्या मॅचला पंचानं आमचा गोल धरला नाही, सगळे पुरुष "ऑफसाईड न्हाई, ऑफसाईड न्हाई" म्हणून धावले, तेव्हा गार्डसाहेब वहिनींकडं झुकले आणि हळूच म्हणाले,

"अगं, हे ऑफसाईड म्हणजे नेमकं काय असतं?"

वहिनींच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. "तुमाला माहीत न्हाई? इतके दिवस मॅनेजर होता न तुमी."

"मला वाटायचं, चेंडू रुळांच्या बाजूला गेला की ऑफसाईड."

"आन् मला वाटायचं, क्वार्टरांच्या बाजूला गेला की."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी शेजारणीकडं, शेजारणीनं तिच्या शेजारणीकडं. चळतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकीलाही ते ठाऊक नव्हतं. आम्ही असं हसत सुटलो की खालचे स्लीपर हलायला लागले. गार्डसाहेब डोळे पुसत होते, वहिनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. तेवढ्यात खाली मोठा गलका झाला, गोल झाला होता. तो कुणी केला, आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.