आनुवंशिक

माझं मेडिकल सर्टिफिकेट मॅनेजरने सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. चाळीस माणसं समोर. "एनल फिशर. मतलब समझे? इसकी गांड फट गई है." सगळे हसले. मग मला खुर्ची दाखवली. "बैठ के दिखा."

मी बसलो. हो, बसलो. डोळ्यांत पाणी आलं, तेही सगळ्यांनी पाहिलं.

दुबईच्या पलीकडे उम्म अल कुवैनला एका पॅकिंग कारखान्यात मी फोर्कलिफ्ट चालवतो. बारा तासांत टॉयलेटला दोनदाच जायचं, तेही सुपरवायझरकडून टोकन घेऊन. म्हणून मी पाणीच पीत नव्हतो. भर उन्हाळ्यातसुद्धा. लागली तरी दाबून धरायचो. मग शौचाला बसलं की आतून काच फिरल्यासारखं व्हायचं. रक्त पडायचं.

मीटिंगनंतर मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. हा पुण्याचा, राहायला दुबईत अल बर्शाला. माझ्याशी कायम हिंदीच. "बाप को भी था?" मी हो म्हणालो. अब्बांना होतं. त्याने फॉर्मवर लिहिलं, आजार आनुवंशिक, कंपनीचा संबंध नाही. "साइन कर. खलास."

मी फॉर्म खिशात घातला आणि सुट्टीच्या दिवशी दुबईत करामाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कडक शौचाने चीर पडते. दुखतं म्हणून आतला गोल स्नायू आवळतो. आवळला की तिथे रक्त पोचत नाही, जखम भरत नाही. पुन्हा फाटते.

मी विचारलं, "ये खानदानी है?"

"इसका कोई पक्का जीन किसी को नहीं मिला. फादर क्या काम करते थे?"

"शारजा में टँकर चलाते थे," म्हणालो आणि एकदम आठवलं. अब्बाही ड्युटीवर पाणी पीत नसत. वाटेत गाडी थांबवायची परवानगी नसायची. रत्नागिरीला सुट्टीवर आले की एका कुल्ल्यावर कलून बसायचे. आम्ही पोरं हसायचो. मीसुद्धा.

सही केली नाही. डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडून लेबर ऑफिसात तक्रार टाकली. टोकन, पाणी, ती मीटिंग, सगळं लिहिलं. मॅनेजरचं पूर्ण नाव लिहिलं.

परवा त्याचा फोन आला. पहिल्यांदाच मराठीत. "आपण मराठी माणसं रे. माझी मुलगी इथे शाळेत आहे. माफी मागतो, तक्रार मागे घे."

"नाही घेत."

त्याचा आवाज कापत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. माझी नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. त्याची गेल्याशिवाय मी हा देश सोडणार नाही.