घुमटवाल्याचा दुखरा हात

मी अर्बन, मरोळच्या गावठाणातला. थोडी भातशेती, आणि आरे कॉलनीत म्हशींच्या तबेल्यात नोकरी. पण गावात माझी ओळख एकच, घुमटवाला. मडक्यावर ताणलेल्या चामड्यावर माझा हात पडला की म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवायला लागतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. तीस वर्षांत माझ्याशिवाय ते कुणाच्या घरी आलेलं नाही.

एक डेनिसचं घर सोडून. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

डेनिस माझा जिवाचा दोस्त. त्याची पोर अँजेलिना कुर्ल्याच्या नंदकिशोरशी कोर्टात लग्न करणार होती. पोरगा हिंदू. गावातल्या मोठ्यांनी ठरवलं, त्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. डेनिस माझ्या दारात आला. म्हणाला, "चर्च नाही तर नाही. पाणी तरी वाजत येऊ दे रे." सरळ नाही म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, हात मुरगळलाय. तो गेल्यावर बायकोचं जुनं लुगडं फाडून मनगटाला पट्टी बांधली, कुणी बघितलं तर असावी म्हणून. संध्याकाळी अँजेलिनाने माझ्यासाठी तेलाची बाटली पाठवली. पाणी डेनिसने आणि त्याच्या बायकोने दोघांनीच आणलं, मुकाट. आठवड्याने दुसऱ्या घरी लग्न निघालं, आणि मी निर्लज्जासारखा वाजवायला बसलो.

दोन वर्षांनी, उपासाच्या दिवसांत, फादरनी चर्चच्या अंगणात चादर बांधून सिनेमा दाखवला. जुन्या रोममधला. ख्रिस्ती माणसं जमिनीखाली लपलेली, वर राजाचे शिपाई. तिथे भुयारात एका पोरीचं लग्न लागतं. गाणं नाही, वाजंत्री नाही, आवाज वर गेला तर मरण. सगळं अंगण हुंदके देत होतं. ज्यांनी डेनिसचं घर वाळीत टाकलं तेच सगळ्यात पुढे बसून नाक शिंकरत म्हणत होते, काय राक्षस होते रे हे शिपाई. मीही रडत होतो. रडता रडता माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. चांगला धडधाकट हात, डोळे पुसत होता. मला तिथे बसवेना.

भिंतीबाहेर आलो. रस्त्यावरून चादरीची मागची बाजू दिसायची, सिनेमा उलटा. तिथे दगडावर अँजेलिना बसली होती. माहेरी आली होती, पण आत ये म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीही त्या पोरीसाठी रडत होती. मला बघून सरकली, जागा केली. मी बसलो. माफ कर पोरी, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"काका," तिनेच विचारलं, अगदी मनापासून, "तुमचा हात बरा झाला का हो?"

"थोडा दुखतो अजून," मी म्हणालो.