पांढरे टायर आणि दुसरा चहा

वाळूजच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात नवी होते, आणि नव्या माणसाला असते तेवढी अक्कल माझ्याकडे भरपूर होती. वर्षं दुष्काळाची. फोर्कलिफ्टचे काळे टायर शेडच्या फरशीवर पट्टे ओढायचे आणि ते धुवायला पाणी नव्हतं. मी माहितीपत्रक वाचून डाग न पाडणारे पांढरे, भरीव टायर मागवले. पट्टे नाहीत, धुणं नाही, वर पंक्चरही नाही. मॅनेजरांनी मान डोलावली. दोन दिवस मी जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मावशींनी बोलावून रिकामं पातेलं दाखवलं. कारखाना वाढला तशी नव्या शेडनं टँकरची वाट अडवली होती, त्यामुळे फाटकापासून कॅन्टीनपर्यंत पाण्याची टाकी फोर्कलिफ्टवरूनच यायची, खडबडीत मुरुमावरून. आता टायरात हवाच नाही, तेव्हा गाडी दणके खायची आणि पाणी उसळून वाटेत सांडायचं. फरशीचं पाणी वाचवून मी पिण्याचं घालवलं होतं.

"माणशी पाण्याचा पेला तर आधीच अर्धा केलाय. आजपासून दुसरा चहा बी नाय," मावशी म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिफ्टला त्याचं कारण माझ्या नावासकट कळलं.

फोर्कलिफ्ट चालवणारे काका देवगाव रंगारीचे, घरी मेंढरं. मी उलट त्यांच्यावरच डाफरले, "काका, आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इचारलं कुठं, ताई? आमी मेंढरू घेताना त्याला कुठं हिंडायचंय ते बघतो, मग खूर बघतो. तुम्ही निस्ता कागद बघितला."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मग त्यांच्याबरोबर सगळी वाट पायी चालले. निम्म्याहून जास्त मुरुमाची निघाली. मॅनेजरांना चूक माझी असं सांगितलं आणि हवेचे काळे टायर मागितले.

"आणि पट्टे?"

"पाऊस आला की धुऊ."

टायर बसले त्या दिवशी काकांनी टाकीच्या झाकणावर स्टीलचा पेला भरून ठेवला आणि गाडी फाटकावरून निघाली. मी मावशींच्या मागे लपल्यासारखी उभी होते. पेला आला. बोटभर पाणी कमी झालं होतं, बस.

"प्या, ताई," काका म्हणाले.

मी तोंड न लावता, वरून अर्धा पेला प्यायले. उरलेलं मावशींनी दुसऱ्या चहाच्या आधणात ओतलं.